तबकडीतील पोटखराबा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. येथे लाटल्या जाणाऱ्या रेल्वे-रुळांच्या पोटात चीर दडली आहे काय, हे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी तपासतात. दोष आढळला तर तेवढा तुकडा कापून काढता येतो. संगणकाच्या चुंबकीय तबकडीला ही सोय नाही. तिच्यावरचा डाग तेथेच राहतो. त्याला वळसा घालूनच संसार करावा लागतो.

या तबकडीवर वर्तुळाकार वाटा असतात व वाटांवर लहान लहान घरे. एका घरात पूर्वी ५१२ बाइट मावत. आता पुष्कळदा ४,०९६ मावतात. १९८० च्या दशकात अनेक तबकड्यांच्या पेटीवर, कोणती घरे सदोष आहेत याची यादीच चिकटवलेली असे. विकणाऱ्याचा हा प्रांजळपणा मला आजही मोह घालतो.

फाइलींची व्यवस्था पाहणारी प्रणाली हीच नोंद आपल्या दप्तरात ठेवते. ‘फॅट’ पद्धतीच्या कोष्टकात खराब जागेपुढे एक ठरावीक आकडा लिहिला, की ती जागा कोणालाही दिली जात नाही. लिनक्सच्या ‘एक्स्ट-२’ची युक्ती याहून गमतीची. साऱ्या खराब जागा ती एकाच अदृश्य फाइलीच्या नावे लावते आणि त्या फाइलीसाठी पहिल्या क्रमांकाचे नोंदपत्र राखून ठेवते. मालक लागला, म्हणजे दुसरा हक्क सांगणार कसा? आमच्या सातबाऱ्यावरील पोटखराब्याचीच ही जात : जमीन आहे, पण पेरायची नाही.

आता बहुतेक तबकड्या हे काम स्वतःच उरकतात. राखीव ठेवलेले चांगले घर खराब घराच्या जागी गुपचूप लावले जाते. प्रणालीला पत्ताही नसतो. सोय मोठी खरी, पण बिघाड वाढत चालल्याची वार्ताही त्याबरोबर झाकली जाते. शिवाय नवे घर मिळाले, तरी जुन्यातला न वाचता आलेला मजकूर परत येत नाही.

माझ्या जुन्या तबकडीत घरच्या लग्नाची छायाचित्रे होती. बदललेल्या घरांचा आकडा तबकडीला विचारता येतो, हे मला ठाऊक होते. तो तीनवरून सतरावर गेलेलाही मी पाहिला, आणि प्रत काढणे रविवारवर टाकले. रविवारी एक छायाचित्र निम्मेच उघडले. खाली नुसती करडी पट्टी होती. आत्या वरच्या निम्म्यात उभी होती, म्हणून राहिली.