परागंदा

कोकणातल्या एखाद्या घराची जुनी वंशावळ उघडली, तर कधी कधी एका नावाखालची रेघ मध्येच तुटलेली दिसते. शेजारी एकच शब्द असतो: ‘परागंदा’. घरच्यांच्या लेखी तो माणूस तेथेच संपला. परंतु श्रोतेहो, ती रेघ समुद्रापलीकडे पुढे गेलेली असू शकते, आणि तिचे दुसरे टोक धरून कोणी आपले गाव शोधीत असेल.

मॉरिशस बेटाचेच पाहा. तेथील गुलामगिरी १८३५ साली संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करार करून तेथे उतरले. बहुतेक कलकत्ता व मद्रास येथून गेले. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातली मराठी माणसे होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. वहीत नाव, आईचे किंवा बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि जहाज यांची नोंद होई. नावे कानांनी ऐकून परक्या लिपीत लिहिली गेली. आडनाव नोंदले न गेल्याने पुष्कळदा आजोबांचे नावच नातवंडांचे आडनाव झाले. समजा, रामजी नावाचा मजूर; त्याचे पणतू आज ‘रामजी’ हेच आडनाव लावतात. मूळ आडनाव मागे राहिले.

म्हणून आज वंशजांना नावाचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो क्रमांकाचा. जुन्या जन्ममृत्यूच्या व विवाहाच्या दाखल्यांवर तो सापडला, की मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या वह्यांतून मूळ नोंद काढता येते. कधी छायाचित्रही मिळते. माणसाला नग करून मोजण्यासाठी जो आकडा दिला, तोच आज त्याला माणूस म्हणून परत आणतो.

पुढची वाट मात्र आपल्या बाजूची आहे, आणि तीच अधिक अवघड. नोंदीत ‘रत्नागिरी जिल्हा’ असला, तरी ते गाव आज सिंधुदुर्गात असू शकते. तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. गाव ‘पाली’ असले, तर पाली रत्नागिरीतही आहे आणि रायगडातही. अशा वेळी कागदापेक्षा कुलदैवत, गावदेवी आणि घरातली गाणी अधिक सांगतात. मॉरिशसचे मराठी लोक गणेशचतुर्थी तर पाळतातच. त्यांची ‘झाकरी’ ऐकली, की कोकणातल्या माणसाला आपली जाखडी ओळखू येते.

असा कोणी पाहुणा दारी आला, तर आपल्या मनात पहिली शंका येते ती जमिनीच्या हिश्श्याची. ती साहजिक आहे, पण बहुधा अनाठायी. त्याला हवे असते ते एवढेच, की आपला पणजा ज्या पाणवठ्यावर पाणी प्याला, तो कोणी बोटाने दाखवावा.

तेव्हा घरातली वंशावळ एकदा बाहेर काढा. वडीलधाऱ्यांना विचारून तिची नक्कल करा. मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. ‘परागंदा’ हा शब्द खोडू नका. त्याच्यापुढे थोडी जागा मात्र कोरी ठेवा.