अजून पंधराशे टाका, टेन्शन नाही: एक्सटेंडेड वॉरंटी घ्यावी का?

सण जवळ आले की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. 'दादा, मोबाइल घेतोय. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, अजून पंधराशे टाका, पुढचं वर्ष टेन्शन नाही. घेऊ का?'

माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं. पण नुसतं 'नको' ऐकून तुम्ही दुकानात जाल आणि तो मुलगा दोन मिनिटांत तुमचं मत फिरवेल. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

आधी हे बघा, की तुम्ही विकत काय घेताय. बॉक्समध्ये येते ती कंपनीची वॉरंटी, फोनला साधारण 1 वर्ष. तिचे पैसे किमतीतच आलेत. एक्सटेंडेड वॉरंटी सुरू होते ही संपल्यानंतर. म्हणजे आज पैसे भरायचे आणि माल मिळणार पुढच्या वर्षी, तोही फोन बिघडला तर. आणि ती देणार कोण? कधी कंपनी, कधी दुकान, आणि बरेचदा तिसराच कोणीतरी, ज्याचं नाव आपण क्लेमच्या दिवशी पहिल्यांदा वाचतो.

आता थोडं इंजिनिअरिंग. इलेक्ट्रॉनिक वस्तू कधी बिघडतात याचा एक जुना आलेख आहे, त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. आंघोळीच्या टबसारखा आकार. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण कारखान्यातून सदोष निघालेले तुकडे लगेच मान टाकतात. मग बराच काळ सपाट. शेवटी झीज झाली की परत चढ. सुरुवातीचा चढ कंपनीच्या वॉरंटीत येतो. शेवटच्या चढापर्यंत बहुतेक प्लॅन पोचतच नाहीत, आणि फोनमध्ये सगळ्यात आधी झिजते ती बॅटरी, जी अनेक प्लॅनमध्ये वगळलेली असते. उरतो मधला सपाट भाग. तोच आपल्याला विकला जातो!

हिशोबही करून बघा. धरा, प्लॅन 1,500 रुपयांचा आणि वॉरंटीबाहेरची मोठी दुरुस्ती 4,500 ची. तीनातला एक फोन त्या वर्षात बिघडला, आणि तोही प्लॅनमध्ये बसणाऱ्या कारणानं, तरच आपले पैसे जेमतेम वसूल. त्यात दुकानाचं कमिशन आणि प्लॅनवाल्याचा नफाही याच पंधराशेतून निघतो. तीनातला एक फोन खरंच बिघडत असता, तर हा प्लॅन त्यांनी पंधराशेला विकला असता का?

आणि फोन पडला, स्क्रीन फुटली, पाणी गेलं, हे साध्या एक्सटेंडेड वॉरंटीत येत नाही. त्यासाठी अॅक्सिडेंटल डॅमेजचा प्लॅन वेगळा. काउंटरवर मात्र दोन्ही एकाच दमात सांगितलं जातं.

अपवाद? आहे. इनव्हर्टर एसी. '10 वर्षं वॉरंटी' असं मोठ्या अक्षरात असतं, ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची. बोर्ड, गॅस, माणसाची मजुरी यांचं वेगळं बघावं लागतं. तुमच्याकडे लाइट सारखी खालीवर होत असेल, तर बोर्ड उडाल्यावर खर्च चांगलाच लागतो. तिथे कंपनीचाच प्लॅन असेल, त्यात पीसीबी स्पष्ट लिहिलेला असेल आणि व्होल्टेजचं कारण वगळलेलं नसेल, तर विचार करा. हे तीन 'असेल' नीट तपासा.

आता मुख्य गोष्ट. 'वॉरंटी संपली' म्हणजे 'हक्क संपला' असं आपल्याला पढवलं गेलंय. तसं नाहीये. वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीनं दिलेला शब्द. त्याच्या बाहेर कायदा आहेच. ग्राहक संरक्षण कायदा 2019, लागू झाला जुलै 2020 मध्ये. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे: कायद्यानं, करारानं किंवा विक्रेत्यानं केलेल्या दाव्यानुसार वस्तूचा जो दर्जा असायला हवा, त्यात कुठलीही उणीव. करार लेखीच असला पाहिजे असं नाही, गृहीत धरलेला असला तरी चालतो. दोष सिद्ध झाला तर आयोग दुरुस्ती, बदलून देणं, पैसे परत आणि नुकसानभरपाई, यातलं काहीही सांगू शकतो.

पण इथे फसू नका, रील्सवर अर्धवट सांगतात. युरोपियन युनियनमध्ये नव्या वस्तूला किमान 2 वर्षांची कायदेशीर हमी असते. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही. दोष मुळातलाच होता हे आपल्याला दाखवावं लागतं, आणि वॉरंटी संपल्यावर ते अवघड होत जातं, हे खरं. अशक्य मात्र नाही. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ येण्याचा प्रकार आठवतोय? काही कंपन्यांनी ठराविक मॉडेल्सच्या स्क्रीन वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून दिल्या. कारण एकाच मॉडेलच्या शेकडो लोकांना एकच रेघ दिसायला लागली, की 'तुम्हीच पाडला असेल' हे म्हणता येत नाही.

माझ्या मावशीचा टीव्ही. रत्नागिरीला असते ती. घेऊन चौदा महिने झाले आणि पडद्यावर उभ्या रेघा. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, पॅनेल गेलं, वॉरंटी नाही, 21 हजार. टीव्ही घेतला होता 38 ला. मावशी म्हणाली, 'अरे, त्यापेक्षा नवीन घेते.' मी म्हटलं, थांब, आधी जॉब शीट दाखव. त्यावर टेक्निशियननं लिहिलं होतं: पॅनेल फॉल्ट, फिजिकल डॅमेज नाही. ही एक ओळ आमच्यासाठी सोन्याची होती. कारण कंपनीचाच माणूस लिहून देतोय की दोष आतला आहे.

मग कंपनीला ईमेल: बिल, जॉब शीट, रेघांचा व्हिडिओ, आणि आम्हाला काय हवंय ते एका वाक्यात. चिडचिड नाही, टोमणे नाहीत. आठवडाभर नुसतं 'आपली तक्रार महत्त्वाची आहे'. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं, मावशी स्वतःच बोलली. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती फक्त तक्रार कंपनीपर्यंत पोचवून पाठपुरावा करते. पण काही दिवसांत फोन आला: पॅनेल आम्ही देतो, मजुरी तुमची. मला पुढे भांडायचं होतं. मावशीला संध्याकाळची मालिका बघायची होती. तिनं मजुरीचे साडेअकराशे दिले आणि विषय संपवला. टीव्ही तिचा, निर्णय तिचा.

नसतं ऐकलं तर? जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट: कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. दुकान आणि कंपनी, दोघांनाही पार्टी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. कायद्यात निकालाला 3 महिने, तपासणी लागली तर 5, असं लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त लागतात, ती तयारी ठेवा.

या सगळ्याचा पाया म्हणजे पक्कं बिल. 'जीएसटी नको तर हजार कमी' हे ऐकून कच्च्या पावतीवर फोन घेतलात, तर आत्ताचं सगळं ऐकून उपयोग नाही. बिल न देणं हीच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी एक. चेकआउटला वॉरंटीचा चौकोन आधीच टिक केलेला दिसला, तर तो चालत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संमती तुम्ही स्वतः द्यायची असते, आधीच टिक करून ठेवलेली चालत नाही. शिवाय न मागितलेली गोष्ट कार्टमध्ये सरकवणं हे 2023 च्या डार्क पॅटर्नच्या यादीत आहे, बास्केट स्नीकिंग नावानं. असे चौकोन आपोआप टिक होत नाहीत हो, आमच्याच धंद्यातला कोणीतरी बसून ते करतो. स्क्रीनशॉट काढा, 1915 ला कळवा.

जाता जाता एका श्रोत्याचा प्रश्न. 'मी घरून व्हिडिओ एडिटिंग करतो, लॅपटॉप कामासाठी घेतलाय. मग मी ग्राहक धरला जातो का?' व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही, हे बरोबर. पण स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली असेल, तर तुम्ही ग्राहकच. फक्त तक्रारीत हे स्पष्ट लिहा, की एकटा काम करतो आणि याच्यावरच घर चालतं. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो.