पायी चालणाऱ्याचा हिशेब



चालणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. परंतु आज या सभेला पायी आलेल्यांपैकी किती जण फुटपाथवरून आले? बहुतेक जण रस्त्याच्या कडेने, मागच्या हॉर्नकडे कान लावूनच आले असतील. फुटपाथ असताना माणूस रस्त्यावरून का चालतो, हाच आमचा प्रश्न आहे.

सरकारी आकडा पाहा. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. कारखान्यात माणूस दगावला तर यंत्राला जाळी होती की नव्हती, हे आम्ही विचारतो. रस्त्यावर दगावला तर लोक म्हणतात, "मध्येच आला!" रस्त्याला जाळी होती काय, हे कोणी विचारीत नाही.

ते विचारण्याची एक रीत आहे. २०११ साली आशियाई विकास बँकेने आशियातील १३ शहरांची अशी पाहणी प्रसिद्ध केली. रीत साधी आहे. पाहणाऱ्याने स्वतः चालावयाचे आणि रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक ते पाच गुण द्यावयाचे. फुटपाथ आहे काय, ओलांडण्याची सोय आहे काय, वाहनवाले थांबतात काय, अडथळे किती, अपंगाला जाता येते काय, रात्री भय वाटते काय, असे ते प्रश्न.

आम्हीही टेप घेऊन निघालो. सोबत संघटनेतील घरकामगार भगिनी होत्या. त्या दिवसाला चार घरी कामाला जातात, आणि चारही ठिकाणी पायीच. नियमपुस्तक सांगते की फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नको. कागदावर फुटपाथ रुंद होता. पण विजेची पेटी, खांब आणि उभ्या मोटारी वजा करता हातभर वाट उरली. कड गुडघ्याला लागेल इतकी उंच, आणि प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी खाली उतरून पुन्हा चढायचे. एक वृद्ध भगिनी म्हणाल्या, "दादा, ह्या चढउतारापेक्षा रस्ताच बरा." आमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले.

सिग्नलचेही तेच. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर १८ मीटरचा रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात. गुडघे धरलेल्या बाईची चाल ०.८ मीटर असेल, तर साडेबावीस लागतात. घड्याळ तरण्या पायांचे, जीव मात्र म्हाताऱ्याचा.

आता एक अवघड गोष्ट. फुटपाथ म्हटला की लोक म्हणतात, फेरीवाले हटवा. फेरीवाले आमचेच सभासद आहेत, म्हणून त्यांची बाजू घेणे सोपे होते. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली आहे. शिवाय भाजीवाली बसते तिथे रात्री दिवा असतो, आणि घरी परतणाऱ्या बाईला धीर येतो. परंतु टेपने आमच्या गाड्याही मोजल्या. त्यांतल्या काहींनी वाट खाल्ली होती. त्या रात्रीच्या बैठकीत पुष्कळ वाद झाला. शेवटी गाड्या मागे सरल्या. उभ्या मोटारी मात्र अजून जागच्या जागी आहेत. पोटासाठी अडवलेली जागा आणि सोयीसाठी अडवलेली जागा यांना एकाच मापाने मोजू नये. पण मोजावे दोघांनाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विनाअडथळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आम्ही कामगार लोक, हक्क कागदावरून पदरात कसा पडतो हे जाणतो. आधी मोजावे लागते, मग मागावे लागते.

म्हणून एवढीच विनंती. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा हात धरून बसथांब्यापर्यंत चाला, त्यांच्या चालीने. जिथे ते अडखळतील ती जागा लिहून घ्या आणि तो कागद आपल्या नगरसेवकाच्या हाती द्या. एकट्याने नव्हे, सगळ्या आळीने मिळून.