किड्याच्या पोटात काय आहे?



एरवी फाटकसभेत बोनसवर बोलणारा हा माणूस आज गोदाकाठी किड्यांवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. हा विषय मात्र मी शोधला नाही; तो एका कामगाराने माझ्याकडे आणला.

सातपूरला आमचे एक सभासद राहतात. त्यांच्या मुलाने ऑस्ट्रेलियातला, दाढीवाला ड्रॅगन म्हणतात तो सरडा पाळला होता. एके दिवशी ते म्हणाले, "भाऊ, खातो पोटभर, पण पाय वाकडे होत चाललेत त्याचे." पशुवैद्यांनी निदान केले, की हाडे मऊ पडली आहेत. मुलगा त्याला दुकानातून आणलेल्या मीलवर्म नावाच्या अळ्या चारीत असे, आणि केवळ त्याच.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडावयास जात असे. नुसत्या लाल मिलोने पोट भरे, पण अंगी काही लागत नसे, असे ती सांगे. म्हणून सुकडीचे तिला अगत्य. त्या सरड्याची गोष्ट मला तिच्यामुळे चटकन समजली. मीलवर्म काय आणि रातकिडा काय, त्यांच्या अंगात स्फुरद पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. खाणाऱ्याच्या शरीराला मग ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढावी लागते. त्यातून मुलाने पेटी खिडकीच्या काचेमागे ठेवलेली. उन्हातील ज्या अतिनील किरणांनी शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण काच अडविते.

तेव्हा किडा ही एक पिशवी आहे असे समजा, आणि पिशवीत काय भरले आहे ते पाहा. चारण्यापूर्वी एक-दोन दिवस किड्यांना हिरवा पाला व गाजर खाऊ घालावे, आणि ऐनवेळी त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावे. विक्रेता त्यांना कोंड्यावर जगवितो, कारण कोंडा स्वस्त पडतो. त्याचा धंदा किडे विकण्याचा आहे. सरड्याची हाडे त्याच्या हिशेबात येत नाहीत.

मुलाने मग फुकटची युक्ती काढली. द्राक्षबागेतले नाकतोडे धरून आणावयाचे! मी त्याला तेथेच थांबविले. आपल्या जिल्ह्यातील बागांवर औषधांच्या किती फवारण्या होतात, हे या सभेतील बागाईतदारांना मी काय सांगावे? विष खाल्लेला नाकतोडा दिसावयास इतरांसारखाच असतो.

त्यापेक्षा किडे घरी वाढवावेत. पसरट डब्यात गव्हाचा कोंडा, ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा. तो मात्र रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते. अंड्यातून अळी निघते, दोन-तीन महिन्यांत तिचा कोष होतो, आणि कोषातून काळा भुंगेरा बाहेर येतो. भुंगेरे आपलीच अंडी आणि कोष खातात, म्हणून त्यांना वेगळे करावे लागते. पंचवीस ते अठ्ठावीस अंश उष्णता त्यांना मानवते. नाशिकच्या मे महिन्यात डबा गार कोपऱ्यात हवा. तरीही पोरसवदा सरड्याला केवळ या अळ्या पुरत नाहीत. रातकिडे व भाजीपाला हवाच.

आणि प्रत्येक सरडा किडे खातो असेही नाही. हिरवा इग्वाना पालेभाजीवर जगतो. त्याला किडे चारणे म्हणजे त्याचा घात. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याने आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली, आणि तिचे नियम २०२४ मध्ये आले. घेण्यापूर्वीच चौकशी करावी. आपला देशी पोपट किंवा तारांकित कासव तर घरात ठेवताच येत नाही.

त्या मुलाचा सरडा वाचला. वाकलेले पाय सरळ झाले नाहीत, पण तो चालतो. त्याच्या आईने मात्र घरात किडे पाळण्यास साफ नकार दिला होता. "पिठाला कीड लागली तर?" असे तिने मला विचारले, आणि तिचे म्हणणे खरे होते, हा भुंगेरा साठविलेल्या धान्याचा शत्रूच आहे. शेवटी घट्ट जाळीच्या झाकणाचा डबा, स्वयंपाकघराबाहेर, जिन्याखाली, असा समझोता झाला. कोंडा आजही तीच चाळून देते.