रझाकारीचा उदय आणि अस्त

‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्यात आणि बीदर-गुलबर्ग्याच्या मुलखात मात्र तो दांडगाईचा वाचक होऊन बसला. शब्दाची ही अधोगती कशी झाली हे जाणण्यासाठी त्या स्वयंसेवकांच्या मातृसंस्थेकडे, मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाकडे वळले पाहिजे.

१९२७ साली हैदराबादेत जन्मलेली ही संस्था प्रारंभी धार्मिक व सामाजिक स्वरूपाची होती. मुसलमानांतील पंथभेद मिटावेत, एवढाच तिचा हेतू. १९३८ मध्ये नबाब बहादुर यार जंग अध्यक्ष झाले आणि तिचे रूप पालटले. त्याच साली स्टेट काँग्रेस स्थापन होऊन जबाबदार राज्यपद्धतीची मागणी पुढे आली होती. संस्थानात मुसलमान सुमारे आठांत एक. मतांची मोजदाद सुरू झाली की आपली सत्ता गेली, ही धास्ती त्यांच्यातील जहागीरदार व सरकारी नोकर वर्गाला होती. बहादुर यार जंगांनी या धास्तीला तत्त्वाचे वस्त्र चढविले. सार्वभौमत्व अखिल मुसलमान समाजाचे असून निझाम हे केवळ त्याचे प्रतीक, असे ते सांगत. ‘अनल मलिक’, मीच राजा! हुमनाबादच्या बाजारात ओझे वाहणाऱ्या दरिद्री मुसलमानाला या घोषणेने क्षणभर सिंहासनावर बसविले. त्याच्या भाकरीत मात्र चतकोराचीही भर पडली नाही.

जून १९४४ मध्ये बहादुर यार जंगांचे अकस्मात निधन झाले. १९४६ च्या अखेरीस अध्यक्षपद लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे आले. रझवींपाशी वक्तृत्वाबरोबर गणवेशधारी, सशस्त्र दलही होते. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, भारताशी ‘जैसे थे’ करार करण्यासाठी दिल्लीस निघणाऱ्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे इत्तेहादच्या जमावाने वेढली. पंतप्रधान छत्तारीचे नबाब पायउतार झाले व पुढील महिन्यात त्या पदावर मीर लायक अली आले. निझामाने पक्षाला वापरले की पक्षाने निझामाला, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. त्या पहाटेनंतर निझामाच्या हाती फारसे उरले नव्हते, हे उघड आहे.

राजधानीत दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकविण्याची भाषा चालली असता सरहद्दीवरील खेडी जळत होती. स्टेट काँग्रेसचे सैनिक सीमेवरील छावण्यांतून नाक्यांवर चालून येत. त्याचा सूड रझाकार रयतेवर उगवीत. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरट्यात त्यांनी हत्याकांड घडविले. अनेक कुटुंबे सोलापूरकडे पळाली. विरोधक मुसलमानासही क्षमा नव्हती. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निघाली. राजेश्वर, हुमनाबाद, बीदर. अवघ्या पाच दिवसांत, १७ तारखेस, निझामाने शरणागती जाहीर केली. भाले-तलवारी आणि ठासणीच्या बंदुका घेतलेले रझाकार रणगाड्यांपुढे कोठवर टिकणार?

येथे ही कथा संपत नाही. तिचे सर्वांत दुःखद पान पुढेच आहे. पक्ष कोसळला, आणि त्याच्या पापांचे माप ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमानांच्या पदरात पडले. केंद्र सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच किमान १८ हजार माणसे मारली गेली, असे समितीचे म्हणणे. तो अहवाल दडपला गेला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. गोरट्याची आठवण जागविताना या गावांची आठवण टाळणारा इतिहास अर्धाच म्हटला पाहिजे.

१९५६ मध्ये संस्थानाचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, म्हैसूर राज्यात. दुसऱ्या वर्षी रझवी तुरुंगातून सुटले. संघटनेची सूत्रे अब्दुल वाहिद ओवैसी यांच्याकडे आली व तिने भारतीय संविधानाच्या चौकटीत निवडणुकांचा मार्ग धरला. ती कथा निराळी. रझवी पाकिस्तानात निघून गेले. त्यांच्या घोषणांवर विसंबलेल्या बीदर-गुलबर्ग्याच्या खेडुतांना असे जाण्याजोगे ठिकाण नव्हते. जे वाचले ते आपल्या पडक्या घरांकडे परतले.