रस्ता मोजताना माणूस मोजला जावा



रस्त्याची परीक्षा केवळ डोळ्यांनी करण्याचे दिवस मागे पडत आहेत. लेसर संवेदक बसवलेली सर्वेक्षण-गाडी धावता धावता डांबराचा खडबडीतपणा, चाकोऱ्यांची खोली आणि भेगा टिपते. दुसरे यंत्र रस्त्यावर ठरावीक वजन आदळून तो किती दबतो हे मोजते. त्यावरून खालच्या थरांची ताकद कळते. ठेकेदाराने रस्त्याच्या पोटात काय घातले, हे वरचा काळा थर सांगत नाही, यंत्र सांगते. म्हणून श्रमिकांच्या पक्षाने या विद्येचे स्वागतच केले पाहिजे. यंत्रविरोध हा समाजवादाचा बाणा नव्हे.

प्रश्न निराळा आहे. यंत्र कोठे बसवायचे आणि त्याने काय मोजायचे, हे यंत्र ठरवीत नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात 2012 च्या सुमारास, मोटारीतील मोबाइल फोनला बसणाऱ्या हादऱ्यांवरून खड्डे शोधण्याची योजना निघाली. ज्या वस्त्यांत असे फोन थोडे, तेथील खड्डे कागदावर उमटणारच नाहीत, हा धोका तेव्हा पुढे आला. म्हणून ते साधन नगरपालिकेच्या रस्ता-निरीक्षकांनाही देण्यात आले.

जुन्नर-आंबेगावात हाच प्रश्न अधिक कठोर रूप घेतो. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्ग आणि नारायणगाव, मंचरच्या बाजारपेठा. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात मात्र महादेव कोळी बाई हिरड्याचे ओझे घेऊन पायी चालते. ग्रामीण रस्त्यांच्या रूढ वाहनगणतीत मोटार म्हणजे एक एकक, तर बस म्हणजे तीन. एसटीतील पन्नास प्रवासी अशा रीतीने तीन मोटारींच्या बरोबरीचे ठरतात. पायी चालणारीला तर त्या हिशेबात स्थानच नाही. निधी वाहनसंख्येमागे जाऊ लागला, की रस्ता नाही म्हणून वाहन नाही आणि वाहन नाही म्हणून रस्ता नाही, हे दुष्टचक्र फिरत राहते. अचूक यंत्र ते थांबवीत नाही. अन्यायाला फक्त दशांश चिन्हापर्यंतची अचूकता आणते.

आंबेगाव तालुक्यातील माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गडप झाले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. ती वार्ता कोणत्याही यंत्राने दिली नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगाला कळले. पुनर्वसित गावठाणातील रस्तेही 2017 च्या पावसाळ्यात खचले. माळशेज घाटात तर दरडी कोसळण्याचे भय दर पावसाळ्याला असते.

केरळात मुन्नारजवळ पाऊस, जमिनीतील पाण्याचा दाब आणि उताराची हालचाल टिपणारे संवेदक दरडीच्या पूर्वसूचनेसाठी बसवले गेले आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडदला केंद्र असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचे क्षीण संकेत ऐकतात. ज्या भूमीवर हे साधले, तेथे शेजारच्या डोंगराची हालचाल ऐकणे विज्ञानाला अवघड नाही. अवघड आहे ते राज्यकर्त्यांना.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. घाटरस्त्यांसाठी कापलेल्या उतारांवर संवेदक आधी बसावेत. गणतीत वाहनांबरोबर माणसे धरावीत. एसटीचा प्रवासी आणि पादचारीही. रस्ता बांधणाऱ्याच्याच हाती त्याच्या मोजणीचे काम नसावे. आणि प्रत्येक नोंद सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे यावी. जो आकडा गावाला वाचता येत नाही, तो गावाच्या उपयोगी पडत नाही.