उन्हाची मात्रा

पिंपळवंडीच्या शिवारांत उन्हाला तोटा नाहीं. जुन्नर तालुक्यांतील या गावचा शेतकरी जन्मभर उन्हांतच वावरतो. अशा माणसाच्या हातावर किंवा मानेवर कोडाचा पांढरा डाग दिसूं लागला आणि डॉक्टरांनीं त्यास प्रकाशाचे उपचार घेण्यास सांगितलें, म्हणजे त्याच्या मनांत साहजिकच प्रश्न येतो : जें दिवसभर अंगावर पडतें, तेंच घेण्यासाठीं पुण्यास कां जावें? हा प्रश्न वेडगळ नाहीं. या चिकित्सेचें सारें मर्म त्यांतच आहे.

उन्हांत अनेक प्रकारचे किरण मिसळलेले असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जे किरण, त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. औषधाचें काम करणारे ते हेच. कोडामध्यें शरीराच्या रक्षक पेशी त्वचेंतील रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटतात. जंबुपार किरण या रक्षकांस शांत करतात आणि केसांच्या मुळाशीं शिल्लक राहिलेल्या रंगपेशींना जागें करतात. म्हणून सुधारणाऱ्या डागांत प्रथम केसांभोंवतीं तिळाएवढे ठिपके उमटतात व पुढें ते पसरून एकमेकांस मिळतात. चेहरा व मान यांवर गुण चांगला येतो. जेथें केस नाहींत, अशा बोटांच्या टोकांवर व ओठांवर तो कमी येतो. सोरायसिसमध्यें त्वचेच्या पेशी अतोनात वेगानें वाढून खवले धरतात. तेथें हेच किरण त्या वाढीस आवर घालतात.

ही विद्या अगदींच नवी नव्हे. बावचीच्या बियांचा लेप लावून डाग उन्हांत धरण्याचा उपाय भारतीय वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक होता. ईजिप्तमध्येंही एका रानवनस्पतीचा असाच उपयोग होत असे. तिच्यांतील शुद्ध द्रव्य कैरोच्या डॉक्टर एल मोफ्ती यांनीं १९४८ च्या सुमारास कोडावर वापरलें. त्यापूर्वीं १९०३ सालीं डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशचिकित्सेबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें होतें. आज मुख्यतः ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे निवडक किरण देणारे दिवे वापरतात. त्यांच्या जोडीस बावचीसारख्या द्रव्याची गरज लागत नाहीं.

मग शेतांतलें ऊन कां पुरत नाहीं? कारण त्याला माप नाहीं. सकाळचें ऊन वेगळें, दुपारचें वेगळें. श्रावणांतलें निराळें, वैशाखांतलें निराळें. पांढऱ्या डागास रंगाचें संरक्षण नसल्यामुळें तो आधीं भाजतो, आणि भाजलेल्या जागीं कोड वाढण्याचा संभव असतो. भोंवतालची निरोगी त्वचा मात्र काळवंडते व डाग अधिकच उठून दिसतो. बावची लावून भर उन्हांत बसणाऱ्याच्या अंगावर तर मोठाले फोड येतात.

रुग्णालयांत रोग्यास दिव्यांच्या नळ्या लावलेल्या कपाटासारख्या खोलींत उभें करतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतो. पहिली मात्रा अगदीं थोडी. पुढें त्वचा सोसेल तशी ती वाढवितात, आणि लाली फार वेळ टिकली तर थांबवितात किंवा कमी करतात. आठवड्यांतून दोन किंवा तीन वेळां, एकेक दिवस मध्यें सोडून, हा क्रम चालतो. गुण येतो कीं नाहीं हें ठरविण्यास निदान तीन महिने जावे लागतात. पुष्कळदां वर्षही लागतें. प्रकाशानें ज्यांचा रोग बळावतो, अशांना मात्र ही चिकित्सा देत नाहींत.

खरी अडचण येथेंच येते. पिंपळवंडीहून पुण्यास जाऊन येणें म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. असे आठवड्याला दोन दिवस गेले, म्हणजे पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत उपचार सुटतो. ठिपके उमटण्यापूर्वींच रोगी कंटाळतो, व प्रकाशानें कांहीं होत नाहीं, असें गावभर सांगतो. यास्तव उपचारास आरंभ करण्यापूर्वींच अंतर, खर्च व कामाचे दिवस डॉक्टरांपुढें मोकळेपणीं मांडावे. डाग थोडे असल्यास हातांत धरण्याचे लहान दिवे तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं घरींही वापरतां येतात.

दुसरी अडचण घरांतली आहे. कोड हा शब्द कुष्ठ या संस्कृत शब्दापासून आला. परंतु कोड म्हणजे महारोग नव्हे, आणि तें स्पर्शानें पसरत नाहीं. पुण्यांत डॉक्टर माया तुळपुळे यांनीं स्थापिलेली 'श्वेता' ही संस्था हेंच लोकांना सांगत आली आहे. कोड असलेल्या तरुणीची कथा सांगणारा 'नितळ' हा मराठी चित्रपटही २००६ सालीं निघाला. तरीही मुलीच्या हातावर डाग दिसतांच घरचीं माणसें तो पदराआड लपवितात, आणि उपचाराचे पहिले महिने, कीं ज्यांत गुण येण्याची आशा अधिक, वायां जातात.

किरणांची मात्रा तज्ज्ञ ठरवील. ती पुरी होईपर्यंत रोग्यास धीर देणें आणि त्याला पंक्तीवेगळा न करणें, हें काम घरच्या माणसांचें आहे.